आमच्या साडूंचे कोर्समेट

आमच्या साडूंच्या कोर्समधला माणूस एक वेळ मरू शकतो, पण हरवू शकत नाही. पुण्याजवळच्या तिन्ही दलांच्या लष्करी अकादमीत पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी जी पोरं एका तुकडीत शिकली ती एकमेकांची ‘कोर्समेट’, आणि हे नातं रक्ताच्या नात्याहूनही घट्ट असतं, असं साडूंचं ठाम मत आहे. मी पडलो बायकोकडून चिकटलेला नातेवाईक. त्यामुळे त्या क्रमवारीत माझा नंबर कितवा लागतो, हे मी कधी विचारलेलं नाही. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. निवृत्त कर्नल, पंचाहत्तरीला टेकलेले, पाठ अजून मोजपट्टीसारखी ताठ. राहतात रोह्याला. मी पेणचा, गणपतीच्या मूर्तींचा कारखाना चालवणारा. ते मला नावाने हाक मारत नाहीत. ‘काय सिव्हिलियन, कसं चाललंय?’ असं विचारतात, आणि तेही अशा सुरात, की मला कसला तरी बरा न होणारा आजार जडला असावा.

रविवार सकाळ हा त्यांचा कोर्समेटना फोन करायचा वार. चहा झाला की अंगणातल्या खुर्चीत बसून एकेकाला फोन. बोलणं फार नसतं. ‘जिवंत?’ ‘जिवंत.’ ‘गुडघा?’ ‘तसाच.’ ‘सून?’ ‘तशीच.’ पुढचा. पण एखाद्याने फोन उचलला नाही, की साडूंच्या कपाळावरची शीर ताठ होते. दुसऱ्यांदा लावतात. मग त्याच्या बायकोला, मग मुलाला, मग शेजाऱ्याला. सगळ्या शेजाऱ्यांचे नंबर त्यांनी आधीच मिळवून ठेवलेले आहेत. भोपाळला त्यांचे एक ब्रिगेडियर मित्र आहेत. एका रविवारी ते फोन उचलेनात. बायको माहेरी गेलेली. साडूंनी रोह्यात बसून भोपाळच्या शेजाऱ्यांना असं काही पेटवलं, की त्यांनी पुढचं दार उघडलं आणि बाथरूमचं फोडलं. ब्रिगेडियर आत साबण लावून उभे होते. त्यांनी टॉवेल गुंडाळला, शेजाऱ्याच्या हातातला फोन घेतला आणि शांतपणे म्हणाले, “कर्नल, केस धुतोय.” साडूंनी दिलगिरी वगैरे काही व्यक्त केली नाही. “पुढच्या वेळी कडी लावू नकोस,” एवढंच सांगितलं.

त्यांच्या मोबाइलवरच्या ग्रुपचे नियमही असेच. फुलांच्या चित्रासकट ‘सुप्रभात’ टाकायला बंदी. घरगुती औषधांचे मेसेज टाकायला बंदी. नियम मोडणाऱ्याने जोर काढायचे आणि त्याचा व्हिडिओ पाठवायचा. एका निवृत्त अॅडमिरलनी मधुमेहावरच्या कारल्याच्या रसाबद्दल काही तरी पुढे ढकललं. शिक्षा ठोठावली गेली. अॅडमिरलसाहेब खाली गेले ते व्हिडिओत दिसतं. वर आलेले दिसत नाहीत. नंतर नुसती जमीन दिसते आणि त्यांच्या बायकोचा आवाज येतो. “शिस्तीचा माणूस!” साडू आम्हा सगळ्यांना तो व्हिडिओ दाखवत म्हणाले, “पाठ गेली, पण जोर काढला.”

माझ्या कारखान्यात ते एकदाच आले. सीझन ऐन भरात होता. रंग ओला असलेल्या मूर्ती जागा मिळेल तिथे बसवलेल्या. साडू दारातच थांबले, चेहरा आंबट झाला. “देव झाले म्हणून काय झालं? रांगेत बसतील!” माझ्या कारागिरांनी घाबरून सगळे गणपती उचलून उंचीप्रमाणे लावले. अर्ध्या सोंडांचा गुलाबी रंग त्यांच्या शर्टांना लागला. पुढचा आठवडा मी सोंडा रंगवत होतो. यातून शहाणपण शिकायचं, तर माझ्या मुलीच्या लग्नात मीच त्यांच्याकडे पंगतीची व्यवस्था सोपवली. विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरं काय! त्यांनी मांडवात उभं राहून आरोळी दिली, “उंच उजवीकडे, बुटके डावीकडे!” व्याह्यांकडची मंडळी नवीन, त्यांना वाटलं आमच्याकडे अशीच रीत असेल. विहीणबाई अंगापिंडाने लहान, त्या पोरासोरांच्या टोकाला गेल्या आणि व्याही दुसऱ्या टोकाला. दर दिवाळीला अजून तो विषय निघतो.

तर असा हा माणूस. पण एवढ्या फोनाफोनीत एक जागा त्यांना कधी भरता आली नव्हती, आणि ती भोपाळला नव्हे, आमच्या पेणजवळच्या गडबला होती. हायवेवरच्या त्या गावात त्यांचा एक मित्र राहतो. भाताची शेती आणि रस्त्याकडेला पोह्याच्या पापडांचं दुकान. दोघं एकाच वेळी या भागातून अकादमीत गेले होते. साडू कुंडलिका नदीच्या काठी वाढले, पण पोहायला येत नव्हतं. तिथे तर दहा मीटर उंच फळीवरून पाण्यात उडी मारल्याशिवाय पुढे सरकू देत नसत. गडबचा पोरगा खाडीत वाढलेला. त्याने भल्या पहाटे उठवून यांना पोहायला शिकवलं. (“शिकवलं,” हे साडूंचं म्हणणं. “मागून ढकलला,” हे त्याचं.) मग शेवटच्या सत्रात तो घोड्यावरून पडला, गुडघा गेला. डॉक्टरांनी अनफिट ठरवलं आणि ट्रंक घेऊन तो गडबला परत आला. तेव्हापासून तो कुठल्याही मेळाव्याला फिरकला नव्हता.

कोर्सचा मेळावा दरसाल वेगळ्या गावी भरतो. गेल्या वर्षी तो साडूंनी हट्टाने रोह्याला घेतला. दिल्लीला, बंगळुरूला ठेवला की गडबचा मित्र म्हणायचा, लांब पडतं. रोह्याला ठेवला म्हणजे तसं म्हणायला तोंड राहणार नाही, हा त्यांचा डाव होता. “हा आला नाही, तर मी पुढे मेळावे भरवणार नाही,” असं त्यांनी माझ्या मेहुणीला सांगून टाकलं. मेहुणी मला म्हणाली, “अवो, त्यांनी एकदा म्हटलं म्हंजे झालं. हे बंद झालं तर हा माणूस करील काय दिवसभर? माझ्यामागं लागंल. तुम्ही जावा नि त्याला आणा.” साडूंनीही तोच हुकूम सोडला. “तो फौजेवर रुसलाय. तुझ्यावर रुसायला त्याला काही कारण नाही. तू जा.”

गेलो. उंचापुरा, सावळा माणूस पापडांच्या ढिगामागे बसला होता. मी कोण, कुठला ते सांगितलं. त्याने चहा मागवला.

“व्हय, करतो ना फोन,” तो म्हणाला. “दर रविवारी करतो. मी उचलतो, ‘गिऱ्हाईक हाय’ सांगतो नि ठेवतो.”

“उचलता तरी कशाला मग?”

“नाय उचलला तर पोलीस पाठवील की तो!”

साडूंना ओळखणारा आणखी एक माणूस भेटल्याचा मला फार आनंद झाला. मी मेळाव्याचा विषय काढला. त्याने पापडाचं एक पुडकं उगाचच इकडचं तिकडे केलं. “साहेब, त्यांची पास झाल्याची परेड झाली. माझी नाय झाली. ते बसून कोण कुठं लढला, कुणाला काय पदक मिळालं ते सांगणार. मी काय सांगू? यंदा भाताचा भाव काय होता ते?”

‘रविवारी सकाळी दहाला नाश्ता आहे’ असं सांगून मी उठलो. त्याने येतो म्हटलं नाही आणि पापडाचे पैसेही घेतले नाहीत.

आता फौजेतल्या लोकांची एक खोड सांगितली पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. वरच्या माणसाने वेळ दिली, की खालचा माणूस सावधगिरी म्हणून ती थोडी अलीकडे ओढतो, त्याच्या खालचा आणखी अलीकडे. मंडळी उतरली होती कोलाडच्या हॉटेलात. साडूंनी नाश्ता दहाला ठरवला आणि एका जनरलना सांगितला नऊला. जनरलनी अॅडमिरलना सांगितलं आठ. अॅडमिरलच्या ताब्यात बस होती, त्यांनी सगळ्यांना सातला दारात पोचायचंय म्हणून बजावलं. आणि सगळे जण फौजीच असल्यामुळे प्रत्येक जण त्याच्याही आधी बसमध्ये जाऊन बसला होता! नुकतं उजाडलं होतं. मी आणि बायको आदल्या दिवशीच रोह्याला मुक्कामी आलेलो. मेहुणी रांगोळी घालत होती. फाटकासमोर बस थांबली आणि निळे कोट घातलेले म्हातारे खाली उतरू लागले. “गो बाय!” ती माझ्या बायकोला ओरडून म्हणाली, “दूधवाला नाय आला नि पलटण आली!”

पोहेवाल्याला उठवून आणलं. नाश्ता झाला, फोटो झाले, भाषणंसुद्धा झाली, तरी घड्याळ पुढे सरकेना. सगळा कार्यक्रम संपला होता आणि सुरू व्हायची वेळ अजून यायची होती. साडू फाटकाशी येरझाऱ्या घालत होते. शेवटी ते थांबले. “तो येत नाही. आपण जाऊ.” बसच्या बस गडबकडे निघाली. मी जेवणाचं बघायला मागे राहिलो.

आणि दहाच्या ठोक्याला गडबचा मित्र रोह्यात, साडूंच्या फाटकाशी उभा! इस्त्रीचा पांढरा शर्ट, दाढी ताजी, हातात पापडांची मोठी पिशवी. त्याची एसटी आणि यांची बस वाटेत कुठे तरी समोरासमोरून गेली असणार. त्याने रिकामं अंगण पाहिलं, रिकाम्या खुर्च्या पाहिल्या, खरकट्या बशा पाहिल्या. त्याचा चेहरा उतरला.

“आटपलं व्हय?” तो म्हणाला. “बरं झालं. मी असाच आलो होतो. बाजारात काम हाय.” आणि तो वळला.

मी चप्पल न घालता धावलो. “अहो, आटपलं नाही काही! तुम्हालाच आणायला गेलेत, गडबला!”

“कोण, तो?”

“सगळे! बस भरून!”

“सगळे?” त्याने पुन्हा विचारलं, आणि मग तो जवळच्या खुर्चीत बसला. मेहुणीने पाणी आणून दिलं. ते त्याने हातात धरून ठेवलं, प्यायला विसरला.

तिकडे गडबला वेगळाच तमाशा चालला होता. बंद दुकानासमोर कोटवाले साहेब रांगेत उभे राहून पाटी वाचताहेत असं पाहून शेजारच्या दुकानदारांना वाटलं, हायवे रुंद करणारे आले. त्यांनी भराभर शटरं ओढून घेतली. एका म्हातारीने जनरलना आपल्या सातबाऱ्याची सगळी कहाणी ऐकवली आणि जनरलनी ती शेवटपर्यंत ऐकली. मी फोन करून सांगितलं तेव्हा साडूंनी पहिल्यांदा मलाच झापलं. “त्याला पकडून ठेव. हलू देऊ नकोस.”

बस परत आली. साडू सगळ्यात आधी उतरले. गडबचा मित्र उठून उभा राहिला, दुखरा गुडघा असूनही चांगला ताठ. मला वाटलं आता गळाभेट होणार. कसली गळाभेट! “दुकान बंद करून कुठं निघालास?” साडू गरजले. “तूच बोलावलंस ना?” तोही चढ्या आवाजात म्हणाला. “मग सांगायचं नाय?” साडू ओरडले. जन्मभर हिंदी-इंग्रजीत हुकूम सोडणाऱ्या या माणसाच्या तोंडी मी पहिल्यांदाच ‘नाय’ ऐकलं. माझी मेहुणी पदराने डोळे पुसत आत गेली आणि जाताना म्हणाली, “भांडतायत. आता बरं वाटंल दोघांना.”

जेवताना लढायांचा विषय निघालाच नाही. पदकांचाही नाही. मेसमधून चोरलेली अंडी, थंडीत मिळालेल्या शिक्षा, कुणाला चावलेला घोडा, एवढंच. यातलं सगळं गडबच्या मित्राला ठाऊक होतं. इतरांना जे आठवत नव्हतं, तेही. भोपाळचे ब्रिगेडियर म्हणाले, “मलाही यानेच ढकललं होतं फळीवरून.” मग असे ढकललेले आणखी दोघंतिघं निघाले. त्याचे पापड तर पहिल्या वाढपातच संपले.

संध्याकाळी साडू आणि मी त्याला एसटी स्टँडवर पोचवायला गेलो. खिडकीतून तो म्हणाला, “रविवारी जरा लवकर लाव फोन. नंतर खरंच गिऱ्हाईक असतं.” बस निघाली. साडू ती दिसेनाशी होईपर्यंत उभे होते. मी सहज विचारलं, “दादा, एवढ्या सगळ्यांत याच्याच मागे का लागलात हो?”

ते स्टँडवरच्या बाकावर टेकले. मग म्हणाले, “आमच्या परेडला सगळ्यांचे आईवडील आले होते. माझं कोणी नव्हतं. भाताची झोडणी चालू होती, वडिलांना ती टाकून येणं जमलं नाही. संचलनात ‘दाहिने देख’ झालं, मान उजवीकडे वळवली, तर आईबापांच्या गर्दीत हा उभा. घरी पाठवलेला पोरगा. गडबहून आलेला, कुबडी घेऊन. सलामी कोण मोठा माणूस घेत होता, मला आजही आठवत नाही. मी याला सलामी दिली. परेड सुटल्यावर सगळीकडे शोधला. निघून गेला होता.”

“तुम्ही बघितलंत, हे माहीत आहे त्याला?”

“आज सांगणार होतो,” साडू म्हणाले. “सकाळपासून सांगणार होतो. मग एसटी लागली.”

आम्ही घराकडे निघालो. एरवी त्यांच्याबरोबर चालायचं म्हणजे पावलाला पाऊल जुळवावं लागतं, चुकलं की बोलणी बसतात. त्या संध्याकाळी त्यांचंच पाऊल पडेल तसं पडत होतं. मी नुसता बरोबर चालत राहिलो.