हॉर्न न वाजवणारे काका

आमच्या कंपनीच्या बसवर काका तीस वर्षं ड्रायव्हर होते, पण गेटवर हॉर्न त्यांनी कधी वाजवला नाही. बदलापूरहून मोरिवलीच्या कारखान्यात पहिल्या पाळीची माणसं आणताना अर्धी बस घोरत असायची. गेट आलं की काका इंजिन बंद करून स्वस्थ बसत. आवाज थांबला की माणसं आपोआप जागी होत. यापायी सुपरवायझरची बोलणी त्यांनी मुकाट खाल्ली. म्हणायचे, "झोपलेल्याला उठवायचं पाप मी नाय घेणार. थकलाय म्हणूनच झोपलाय ना?" त्या झोपणाऱ्यांत माझा नंबर पहिला.

इतकी वर्षं त्याच रस्त्यावर गेली म्हणून असेल, रिटायर झाल्यावर त्यांना लांब जायचं होतं. कंपनीने भंगारात काढलेली मिनीबस त्यांनी नोकरीत असतानाच घेतली आणि दुरुस्त केली. ते तेव्हा उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये राहत. तिथल्याच सुताराकडून आत पलंग, ओटा, भिंतीला मिटणारं टेबल करून घेतलं. पहिला मुक्काम ठरलेला होता, सांची. "स्तूप एकदा डोळ्यांनी बघायचाय. मग पुढं रस्ता नेईल तिकडं."

काकू एका दवाखान्यात आया होत्या. जन्म उभ्यानं गेलेला. गाडी बघून त्या एवढंच म्हणाल्या, "म्हणजे चाकांवरपण चूल माझीच?" दुसऱ्या दिवसापासून घरात चहा काका करू लागले. काकूंची दुसरी अट पक्क्या घराची. ती काकांना लगेच पटली. "परत यायला दार पाहिजेच. नायतर ते फिरणं कसलं, वणवण." म्हणून वांगणीला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या, समोर बस उभी राहील अशा. दर रविवारी दोघं सराव म्हणून दिवसभर बसमध्येच राहत. दोन ताटं, दोन पेले, एक बादली पाणी. शेजारी हसायचे. मीही हसलो होतो.

निवृत्ती आली ती काचबिंदूला सोबत घेऊन. गाडी चालवणं बंद झालं. नजर हळूहळू जाणार, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मी तोंड भरून म्हणालो, "काका, मी नेतो." आणि मग सहा महिने ओव्हरटाइमचं तुणतुणं वाजवत राहिलो. शेवटी रजा काढली. रात्रपाळी संपवून सकाळी थेट वांगणीला गेलो. काकू डबे भरत होत्या. पाच मिनिटं पाठ टेकतो म्हणून बसमधल्या पलंगावर पडलो, ते उन्हं उतरल्यावरच उठलो. काका पायरीवर बसून होते.

"उठवलं का नाही?" मी ओरडलोच.

"थकला होतास रे. गाडी झोपायलाच तर बनवलीय."

संध्याकाळी कंपनीचा फोन आला, मशीन बंद पडलंय, ये. नाही म्हणता आलं असतं. मी गेलो. सकाळीच निघालो असतो तर तोवर धुळं गाठलं असतं, हे मला अजून छळतं.

पुन्हा रजा काढेपर्यंत दोन वर्षं गेली; अखेर गेल्या हिवाळ्यात निघालो. तोवर काकांना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. शेजारी बसून ते इंजिनाच्या आवाजावरून चढ ओळखत. तिसऱ्या दिवशी सकाळी टेकडीखाली बस थांबवली. वर स्तूप दिसत होता. मला रडू आलं. ज्यांना दाखवायचा, त्यांनाच मी उशिरा आणलं होतं. काकूंना हाक मारायला वळलो, तर त्या पलंगावर गाढ झोपलेल्या.

काकांचा हात माझ्या मनगटावर आला.

"इंजिन बंद कर," ते हळूच म्हणाले. "झोपू दे तिला. उठली की तीच सांगेल मला, कसाय स्तूप."