निरोपाची खूण

आमच्या मिठागरांच्या गावात तेव्हा लिहिता-वाचता येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी होती. मुंबईला गोदीत, गिरणीत गेलेल्या मुलांचा निरोप शिडाच्या मचव्याने येणाऱ्या कुणाच्याही तोंडी यायचा, आणि तो खरा की खोटा हे खुणेवरून ठरायचं. खूण म्हणजे घरातल्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट: मुलगा लहानपणी कुठे पडला, कोणत्या म्हशीला घाबरायचा, असलं काहीतरी. खूण जुळली की माणूस आपला. त्याला जेवू घालायचं आणि मागेल ते त्याच्या हाती द्यायचं. आमच्या लोकांना या रीतीचा मोठा अभिमान होता. मला त्या अभिमानाचा आजही राग येतो.

कारण मचव्यात बसली की हीच माणसं गप्प राहत नसत. वारा पडला की मचवा पाण्यावर खोळंबायचा, आणि मग वेळ घालवायला घरच्याच गोष्टी निघायच्या. शेजारी कोण बसलाय, विडी ओढत कोण ऐकतोय, याची चौकशी कोण करतो? पोराबाळांची सगळी कुंडली मांडून ही मोकळी.

माझ्या आत्याकडे आलेला माणूस असाच ऐकून आला होता. मुलगा इस्पितळात आहे, औषधपाण्याला काहीतरी द्या, असं त्याने सांगितलं. खूणही दिली: लहानपणी पेजेच्या टोपात पाय पडून मुलगा पोळला होता, ती. आत्याने हातातल्या पाटल्या उतरवून दिल्या. शिमग्याला मुलगा धडधाकट घरी आला तेव्हा तिला सगळं उमगलं.

गावात अशी फसलेली घरं आणखीही होती, पण अब्रूपायी सगळ्यांची तोंडं शिवलेली. आत्याच्या यजमानांनी तिलाही गप्प बसायला सांगितलं. ती बसली नाही. विहिरीवर, लग्नघरी हळद दळताना, मिठागराच्या बांधावर, जिथे चार बायका दिसतील तिथे ती आपले ओकेबोके हात पुढे करून सांगायची, "माजे हात बघा. खुणेवर इस्वास ठेवू नका." बायका हळहळायच्या आणि मग पाटल्या केवढ्या वजनाच्या होत्या ते विचारायच्या. पाठ फिरली की हसायच्या. मी तिच्याबरोबर जात असे. सगळ्या गावात शहाणी म्हणावी अशी ती एकटीच, असं मला वाटे.

मनापासून ऐकलं ते एकीनेच. ती आत्याची मैत्रीण, खालच्या आळीत राहायची. नवरा गेलेला, एकुलता मुलगा गोदीत कामाला. दिवाळीनंतर तिच्या दारात एक माणूस आला. मुलगा तापाने फणफणलाय, आईला बोलावतोय, लगेच चला, असा त्याचा निरोप. त्याने खूणही सांगितली. तिने त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. आळी गोळा करून हाकलून लावलं. ही बातमी आली त्या दिवशी आत्या किती खुशीत होती! एक तरी घर वाचलं, असं ती दिवसभर येईल त्याला सांगत होती.

पुढच्या मचव्याने त्या मुलाचं कपड्यांचं गाठोडं आलं. तो शेवटपर्यंत दाराकडे बघत होता, असं आणणाऱ्यांनी सांगितलं. सांगायची काही गरज नव्हती.

त्याची आई आमच्याकडे आली ती भांडायला नव्हे. ओटीवर टेकली आणि म्हणाली, "बाय, त्यानं खूण बरोबर सांगितली व्हती. मी तुजं ऐकलं."

आत्याने तिच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

पुढल्या वर्षी खाडीपलीकडच्या गावात कुणी निरोप घेऊन आलाय असं कानावर आलं. सांगणाऱ्याने केलेलं वर्णन आत्याला फसवणाऱ्याशी जुळत होतं. होडी होती, वेळही होती. मी तिला म्हटलं, चल, आत्ताच जाऊन सांगू. ती सुपात तांदूळ निवडत होती. हात थांबला, पण तिने मान वर केली नाही.

"आणि तो खरा असला तं?"

मी जागची हलले नाही. ती पुन्हा तांदूळ निवडू लागली.

तो खरा नव्हता. त्या घरातलं सोनं त्याच दिवशी गेल्याचं शेजाऱ्यांकडून कळलं, आणि त्या घरातल्या कुणी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.