सरांचा तो फोन आणि आमचा सर्व्हर

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. कुणी असे अनुभव सांगायला लागलं की मीच हसण्यावारी न्यायचे. आता माझ्यावरच वेळ आलीये... हसायचं तर हसा.

मी नागपूरला, हुडकेश्वरमध्ये राहते. मुलं मोठी झाल्यावर लिनक्सचा, म्हणजे कमांड टाइप करून कॉम्प्युटर चालवायचा, क्लास लावला. काळा स्क्रीन, पांढरी अक्षरं, माऊसचं काम नाही! सुरुवातीला रडूच यायचं. पण आमचे सर, मूळचे काटोलचे, फार धीराने शिकवायचे. "घाबरू नको वं, मशीन काही खात नाही तुले," म्हणायचे.

त्यांच्याच ओळखीने मला सिकलसेलच्या, म्हणजे रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या पेशंटसाठी असलेल्या एका छोट्या केंद्रात सर्व्हर सांभाळायचं काम मिळालं. कोणत्या मुलाला कधी रक्त दिलं, कुणाला काय सोसलं नाही — सगळं त्या सर्व्हरवर.

त्या दुपारी माझ्यासमोर दोन विंडो उघड्या होत्या. एक सरावाच्या मशीनची, एक खऱ्या सर्व्हरची. सरावाचा जुना डेटा उडवायचा होता. कमांड टाइप केली. ही कमांड 'नक्की उडवू का?' असं विचारत बसत नाही. एन्टर दाबला की संपलं. बोट एन्टरवर गेलं... आणि मोबाईल वाजला. स्क्रीनवर सरांचं नाव. मी स्पीकरवर घेतला.

"थांब वं. कोणत्या मशीनवर आहेस, पाह्य आधी."

एवढंच. फोन कट.

शेजारी नर्स वैशालीताई होत्या. "काय म्हणून राहिले वं तुझे सर?" त्या म्हणाल्या.

मी टाइप केलेलं पुसलं आणि मशीनचं नाव विचारणारी कमांड दिली. उत्तर वाचलं — तो खरा सर्व्हर होता! घाईघाईने बॅकअप, म्हणजे डेटाची राखीव प्रत पाहिली, तर डिस्क भरल्यामुळे कित्येक दिवस नुसत्या रिकाम्या फाइली पडत होत्या. एन्टर दाबला असता तर काहीच परत मिळालं नसतं.

आभार मानायला सरांना फोन लावला. बंद. संध्याकाळी काकूंना, म्हणजे सरांच्या बायकोला लावला.

"अवं, त्यायचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आज," काकू म्हणाल्या. "दुपारी आतच होते. त्यायचा फोन सकाळपासून माह्या पर्समधी बंद पडून आहे."

मी माझ्या मोबाईलमध्ये पाहिलं. दुपारी आलेल्या कॉलची नोंदच नाही. वैशालीताई मात्र आजही म्हणतात, "मी आपल्या कानानं ऐकलं."

पुढच्याच आठवड्यात पारशिवनीकडची एक बाई लेकीला रक्त द्यायला घेऊन आली. डॉक्टर नवीन होते. त्यांनी रेकॉर्ड उघडलं आणि थांबले. त्यात नोंद होती — मागच्या वेळी त्या पोरीला रक्त सोसलं नव्हतं. त्यांनी पुन्हा तपासण्या करून दुसरी पिशवी मागवली.

"बरं झालं मॅडम, तुमच्याकडं होतं," आई म्हणाली. "मले तर घाईत आठवलंच नसतं."

मी बाथरूममध्ये जाऊन पोटभर रडले.

सर बरे झाल्यावर भेटायला गेले, सगळं सांगितलं.

"मी काहून फोन करीन वं? मले तर भूल दिली होती." मग म्हणाले, "बॅकअप दुरुस्त केला ना पण?"

केलाय. आता दर आठवड्याला तो परत उघडूनही पाहते. पण तो आवाज कुणाचा, फोन आला कुठून? आभार मानायचेत, पण कुणाचे तेच कळत नाही... म्हणून इथे लिहिलं.