ब्रेंडाची वर्गातली जागा

शुक्रवारच्या सभेत ब्रेंडा ओल्डक्रॉफ्टने हात वर केला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता न्हाणीघरात पडलेल्या ओल्या टॉवेलांचा विषय निघणार. दर आठवड्याला निघायचा. पण तिने टॉवेलाचं नावसुद्धा काढलं नाही.

"मला गणिताच्या वर्गात बसायचंय," ती म्हणाली. "उन्हाळ्यात परीक्षा द्यायचीय. जागा द्या."

खोलीभर हशा पिकला. ब्रेंडा हसली नाही, तसा तो आपोआप विरला.

इंग्लंडातल्या श्रॉपशरच्या टेकड्यांमधली ही छोटी निवासी शाळा. पोरं पन्नासच्या आत, मास्तर हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे. इथले नियम सभेत ठरतात, आणि सभेत सात वर्षांच्या पोराचं मत आणि मुख्याध्यापकाचं मत एकाच वजनाचं. कोणाला कोणत्या वर्गात घ्यायचं तेही सभाच ठरवते. बाहेरचे लोक याला पोरखेळ म्हणतात. म्हणू देत. ज्यांनी उभ्या जन्मात साहेबाला 'का' म्हणून विचारलं नाही, त्यांना पोरांनी विचारलेलं खुपणारच.

ब्रेंडाने विचारलं होतं. पंधराव्या वर्षी शाळा सुटली ती थेट स्टोक गावच्या कपबश्यांच्या कारखान्यात. कपांच्या कडेला सोनेरी रेघ ओढायचं काम. निरोप देताना शाळेतल्या बाईंनी ऐकवलं होतं, "तुझ्यासारखीला आकडे काय करायचेत?" ते वाक्य तिच्या मनात रुतलं ते रुतलंच. कारखान्यात ती युनियनची पुढारी झाली, मालकाच्या टेबलावर मूठ आपटून आली, पण पगारवाढीच्या टक्क्यांची गोष्ट निघाली की गुपचूप शेजारच्याच्या तोंडाकडे बघायची. पुढे कारखान्याला टाळं लागलं, नवरा गेला, आणि ती इथे मुलींचं वसतिगृह सांभाळायला आली. आता साठी उलटलेली. आवाज मात्र असा, की गळका नळसुद्धा दचकून बंद व्हावा.

"माझा विरोध आहे," टॅन्सी उभी राहिली. तेरा वर्षांची पोर, पण सभेत भल्याभल्यांना गार करायची. "ब्रेंडा, तू चांगली आहेस गं. पण तू येऊन बसलीस की तो वर्ग राहणार नाही, वसतिगृह होईल. नखं कापलीस का, केस विंचरलेस का, झालं सुरू."

"तुझे मोजे कुठायत?" ब्रेंडाच्या तोंडून गेलंच.

"बघा!" टॅन्सीने दोन्ही हात पसरले. "मी वेगळं काय सांगत होते?"

अध्यक्षाच्या खुर्चीत पंधरा वर्षांचा रूफस होता. त्याने सगळ्यांना बोलू दिलं आणि शेवटी तोडगा मांडला. दाराच्या आत ब्रेंडा विद्यार्थिनी, दाराबाहेर वसतिगृहाची बाई. आत येऊन तिने बाईपणा केला, तर जागा गेली. हात वर झाले, ठराव पास. विरोधात पहिला हात टॅन्सीचा. आणि गंमत अशी, की रिकामी खुर्ची होती ती नेमकी टॅन्सीच्या शेजारची.

गणित शिकवायचा डर्मट. आयर्लंडचा, हळू बोलणारा माणूस. पहिल्याच आठवड्यात ब्रेंडाने त्याला घाम फोडला.

"उणे गुणिले उणे अधिक? ते कसं काय?" तिने पेन खाली ठेवलं. "दोन तोटे एकमेकांना भेटले की नफा? अरे राजा, आमच्या मालकाला हे माहीत असतं तर कारखाना बुडाला नसता!"

"ब्रेंडा, तो नियम आहे."

"कुणी केला? कधीच्या सभेत?"

पोरं बाकं बडवून हसली. डर्मट खडू घेऊन फळ्याशी गेला आणि त्याने तो नियम पायथ्यापासून रचून दाखवला. मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला, "आयला, आम्हाला दोन वर्षांत हे कुणी सांगितलंच नव्हतं." टॅन्सीने विचारलं, "तू कधी विचारलंस का?" आणि म्हणता म्हणता ब्रेंडाकडे बघून अर्धं हसली.

तिथून दोघींचं जमलं. म्हणजे भांडण जमलं. टॅन्सी तिच्या वहीत डोकावायची. "शी, सात गुणिले आठ चोपन्न?" ब्रेंडा वहीवर कोपर ठेवायची. "स्वतःचं बघ गं, शहाणे." वसतिगृहात रोज टॉवेलावरून खडाजंगी, वर्गात समीकरणांवरून. ब्रेंडा कपड्यांच्या घड्या घालताना पाढे म्हणायची, शिट्टी वाजवायची. सोनेरी रेघा ओढणाऱ्या हाताने ती आता भूमितीच्या रेघा ओढत होती. त्या वर्गात तिच्याइतकी सरळ रेघ कुणाचीच नव्हती.

मग फेब्रुवारीत घोटाळा झाला. टॅन्सी खुर्चीच्या मागच्या दोन पायांवर झुलत होती, गुडघे टेबलाला टेकवून. झुल झुल, खाट खाट. ब्रेंडा लिहीत होती आणि एकदम कडाडली, "खाली टेक ती खुर्ची! आत्ताच्या आत्ता!"

सगळ्या माना वळल्या. टॅन्सीने खुर्ची टेकली. ब्रेंडाचा चेहरा पांढरा पडला. टॅन्सी शांतपणे म्हणाली, "शुक्रवारी सभेत नेणार तुला."

"ने! फासावर चढव!"

आठवडाभर ब्रेंडा धुमसत होती. डर्मटला म्हणाली, "परीक्षाबिरीक्षा गेली खड्ड्यात. पोरीसोरींपुढे माफी मागत बसू? मालकापुढे नाही मागितली मी."

"मग सभेत येणार नाहीस?"

"येणार नाही म्हणजे? नियम आहे तो!" ती त्याच्यावरच उखडली.

शुक्रवारी खोली खचाखच. टॅन्सीने तक्रार मांडली. मुख्याध्यापक मध्येच "ब्रेंडा एवढ्या वर्षांची..." म्हणून सुरू झाले, तर रूफसने त्यांना खाली बसवलं, पाळी नव्हती म्हणून.

"ब्रेंडा, ओरडलीस?"

"ओरडले."

"मग ठरावाप्रमाणे जागा जाते. काही म्हणायचंय?"

ब्रेंडाने नकारार्थी मान हलवली. ही जागा गेली तर पुन्हा कुठे मागायला जाणार नाही, हे तिला ठाऊक होतं.

"थांबा," टॅन्सीच उठली. "मला एक विचारायचंय. ब्रेंडा, वसतिगृहात तू ओरडलीस की मागोमाग भाषण असतं. मान मोडेल, आईला फोन करीन. त्या दिवशी काहीच नाही. ओरडलीस आणि परत वहीत. का?"

ब्रेंडाने इकडेतिकडे पाहिलं. मग कानापर्यंत लाल झाली.

"खरं सांगू? तुझ्या मानेचा मला विचारही नव्हता गं. तू टेबल हलवत होतीस, आणि माझं समीकरण सुटत आलं होतं. पहिल्यांदा. कुणाचीही मदत न घेता. त्या वेळी तू आढ्याला लोंबकळत असतीस तरी चाललं असतं, टेबल हलायला नको होतं!"

रूफससकट सगळी सभा हसून लोळली. टॅन्सीला ठसका लागला. "म्हणजे हा बाईपणा नाहीच! शेजारच्या पोरीवर खेकसणं झालं हे. ते तर आम्ही रोज करतो."

"त्याला दंड काय?" रूफसने विचारलं.

"आठवडाभर गोड बंद. आणि तिच्या वाटचं फिर्यादीला, टॅन्सीला," मागून कुणीतरी ओरडलं.

"आठवडाभर?" ब्रेंडा ताडकन उठली. "एका ओरडण्याला? हा अन्याय आहे! गेल्या महिन्यात त्या मागच्या बाकावरच्याने शाई फेकली तेव्हा तीनच दिवस दिले होते!"

"तक्रार करायची तर पुढच्या शुक्रवारी," रूफस म्हणाला. "विद्यार्थिनी ब्रेंडाला दंड, जागा कायम. अनुकूल?"

हात वर झाले. टॅन्सीचा झाला. आणि बडबडत, कुरकुरत, डोळे पुसत ब्रेंडाने स्वतःचाही हात वर केला, सगळ्यांत उंच.

त्या संध्याकाळी जेवणानंतर गरम केक आणि कस्टर्ड होतं. टॅन्सीपुढे दोन वाट्या. ब्रेंडा समोर बसून एकेक घास मोजल्यासारखी बघत होती.

"चव कशी आहे?"

"फारच छान," टॅन्सी म्हणाली. "सोमवारी चाचणी आहे, अभ्यास झाला?"

"तुझा झाला का ते सांग," ब्रेंडा म्हणाली आणि चमचा घेऊन वाटीच्या दिशेने सरकली.