जरा जास्तच जुळलेलं उत्तर

“देवधर साहब, साइन कीजिए! कंपनी का आँकड़ा और हमारा आँकड़ा एक है, और क्या चाहिए आपको?”

आमच्या लॅबचे डायरेक्टर मिश्राजी माझ्यावर ओरडत होते. ते साधं बोलले तरी बाहेर निशातगंज चौकातला ट्रॅफिक थबकतो. त्या दिवशी गोमती उलटी वाहिली असणार.

मी सही करीना. धूळ मोजायचं एक मशीन पास करायचं होतं. ते अलीगंजच्या एका शाळेत लागणार, आणि त्याचा आकडा बघून पोरांना मैदानात सोडणार. मशीन हवेवर लेझर मारतं, कणांनी किती प्रकाश विखुरला ते बघतं आणि त्यावरून धूळ सांगतं. एक कण किती प्रकाश उडवतो, हा कंपनीचा आकडा स्वतः हिशेब करून पडताळायचं काम आमचं. काजळीचा कण म्हणजे द्राक्षांचा घड. त्याला सरळ सूत्र नाही. म्हणून कॉम्प्युटरमध्ये त्याचे चौकोनी तुकडे पाडायचे आणि एकेकाचा हिशेब जोडायचा. तुकडे जितके बारीक, तितकं उत्तर खरं.

हे काम आमच्या ज्युनियर गौरीचं. एअरफोर्सवाल्या घरातली, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत. तिचं उत्तर कंपनीशी तंतोतंत जुळलं होतं. आता, माझ्या लग्नात छत्तीस गुण जुळले होते. तेव्हापासून काही फार जुळलं की मला घाम फुटतो.

आधी संशय प्रोग्रॅमवर. त्याला गुळगुळीत गोळा दिला, कारण गोळ्याचं अचूक उत्तर सूत्राने निघतं. बरोबर आलं. मग संशय तुकड्यांवर. मी त्यांचा आकार निम्मा केला. उत्तर हललं! आणखी बारीक केले. कॉम्प्युटरचा पंखा असा घोंघावला, की हेलिकॉप्टर आलं समजून शेजारच्या महानगर कॉलनीतले लोक गच्चीवर चढले. उत्तर घसरत घसरत खाली जाऊन बसलं, आणि मग कितीही बारीक करा, हलेना.

म्हणजे कण कंपनी म्हणते त्यापेक्षा कमी प्रकाश उडवतो. तेवढ्याच प्रकाशाला धूळ जास्त असते, आणि मशीन ती कमी सांगत होतं. शाळेतली पोरं धुरात कबड्डी खेळली असती.

मशीन परत गेलं. खरं उत्तर आलं की ते हलायचं थांबतं; कुणाशी जुळलं म्हणून आपण थांबायचं नसतं.

मिश्राजींनी गौरीला बोलावलं. “बेटा, टुकड़े और छोटे क्यों नहीं किए?”

“किए थे सर. उसके आगे मिला-मिलाया रिज़ल्ट बिगड़ रहा था.”