दगड नसलेला कडा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे, गोष्ट सांगितलीय — गणपतीला, बारशाला, मंडळाच्या हॉलमध्ये मसालेभात वाढता वाढता. खाणीत अजितच्या डोक्यात दगड पडला आणि मी, पोट सुटलेला डॉक्टर, त्याला खांद्यावर टाकून चिखलात कसा घसरत सुटलो. लोक हसतात. मीही हसतो. पण घडलं ते — थांबा, नीट सांगतो.

अजित माझा धाकटा भाऊ. एडिनबराला भूगर्भशास्त्र शिकायला आला होता, माझ्याकडेच राहायचा. ऐंशीचं दशक सरत आलेलं. एका रविवारी त्याने मला एका जुन्या खाणीत नेलं. तिथल्या कड्यात हिमयुगातल्या तळ्याचा गाळ थरावर थर दिसत होता. जागा संरक्षित, हातोडा चालवायला बंदी. तरी त्याच्या पिशवीत हातोडा होताच, आणि पिशवी अर्थातच माझ्या खांद्यावर.

मी डॉक्टरकीच्या वरच्या पदवीच्या परीक्षेत पुन्हा नापास झालो होतो. घरी लपवलं होतं. कड्याकडे बघत तो म्हणाला, "दादा, हिमयुगसुद्धा संपलं रे. तुझी परीक्षा कधी संपायची? आईला सांगून टाकलंय मी, 'दादाची आशा सोड.'"

तो पाठमोरा होता. हातोडा कानामागे बसला. ओलं लाकूड फुटावं तसा आवाज झाला. तो गुडघ्यांवर आला, हात वर केला, "दादा" म्हणाला — आणि मी पुन्हा मारला. पहिला रागाचा म्हणू. दुसरा कशाचा? दुसरा मारताना मला बरं वाटत होतं. ते अजून हातात आहे.

मग त्याच्या कॉलरमधून रक्त वाहताना दिसलं. हातोडा डबक्यात फेकला, त्याला उचललं. घसरलो, ते खरं. कॅज्युअल्टीत सांगितलं, कड्यातून दगड सुटला. डॉक्टरवर कोण शंका घेणार? अजितचा डावा कान कायमचा बहिरा झाला. शुद्धीवर आल्यावर म्हणाला, काही आठवत नाही. मला वाटलं, सुटलो.

नव्वदच्या दशकात माझ्या मुलीला शाळेत हिमयुग होतं. जेवणाच्या टेबलावर अजितने तिला समजावलं — त्या खाणीतल्या तळ्याचा गाळ मैद्यासारखा, अख्ख्या कड्यात हरभऱ्याएवढा खडा सापडणार नाही.

"पण काका, मग तुझ्या हेडवर दगड कुठून पडला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. "बाबाला विचार. तो ही गोष्ट छान सांगतो."

मी सांगितली. तीच — चिखलात घसरण्यासकट. अजित उजवा कान माझ्याकडे करून शेवटपर्यंत ऐकत होता.