गॅलरीच्या कोपऱ्यातला वेढा

"काका, नेट परत गेलं," स्वाती दारातूनच म्हणाली. त्या आठवड्यातली ही सहावी वेळ. मी तिच्या भिंतीवरची नेटची डबी बघितली. लाल लाइट लुकलुकत होता. म्हणजे तारेतून उजेड पोचत नव्हता.

उजेड म्हणजे काय ते सांगतो. पूर्वी आम्ही केबल टीव्हीच्या तारा टाकायचो. ती तांब्याची तार. वाकवा, पिळा, गाठ मारा, चित्र येणारच. लालबागच्या अर्ध्या चाळींवर माझ्या हातच्या तारा होत्या. शिक्षण चौथी, पण मला कुणी शिकवायला आलेलं खपायचं नाही. आता फायबर आलं. आत केसाएवढी काच, तिच्यातून उजेड जातो आणि त्या उजेडावर नेट चालतं.

स्वाती कॉम्प्युटरचं काम करते. ऑफिस पुण्याला. बाबा अंथरुणाला खिळले म्हणून ती माहेरच्या खोलीत येऊन राहिली होती. ऑफिसची परवानगी होती, कुठूनही काम करा, फक्त दिवसभर लाइनवर पाहिजे. मोबाइलवर तिचं भागत नव्हतं. आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत गर्दीने मोबाइलचं नेट मरतं. तिची सगळी भिस्त माझ्या तारेवर.

तिचे बाबा म्हणजे दत्तारामदादा. माझ्या वडिलांबरोबर मिलमध्ये होते. पेज घ्यायचे ती स्वातीच्या हातून, दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला की तोंड मिटायचे. त्या दिवशी पडल्या पडल्या लेकीसाठी मला म्हणाले, "बाळू, माझ्या चेडवाचा काम बंद पडता रे. तुझ्याशिवाय कोणाक जमतला?"

मी डबी बदलली. टोकाचा कनेक्टर बदलला. लाइट हिरवा झाला आणि तासाभराने पुन्हा लाल.

आमच्या नेटच्या धंद्याचा मालक महेश, माझ्या मुलाच्या वयाचा. त्याने फोनवर विचारलं, "काका, मीटर लावलात?"

"मीटर कशाला? डोळे फुटले नाहीत माझे."

"गणपतीसाठी लाइन वर उचलली होती ना तुम्ही? ती एकदा बघा."

"मी बांधलेलं तीस वर्षांत सुटलेलं नाही."

"सुटलंय असं कुठे म्हणतोय मी? बघा म्हणतोय."

मी फोन ठेवला. बघितलं नाही.

दरवर्षी कारखान्यातून मोठी मूर्ती निघायच्या आधी गल्लीवरून आडव्या गेलेल्या सगळ्या तारा आम्ही वर घेतो. मुकुटाला तार लागता कामा नये. उरलेली तार गुंडाळून कोपऱ्यात बांधायची. ते काम मंडळवाले माझ्याशिवाय कुणाला देत नाहीत, याचा मला अभिमान.

स्वातीला मी सांगितलं, "लाइन ओके आहे. तुझ्या लॅपटॉपमध्येच काहीतरी आहे."

तिने तो दुकानात दाखवून आणला. तो ठीक होता. मग मी म्हटलं, ऑफिसचा सर्व्हर बघ. शुक्रवारी तिच्या साहेबाने सांगितलं, सोमवारपासून पुण्याला हजर राहा, नाहीतर जागेवर दुसरा माणूस घेऊ. घर तिच्याच पगारावर चालत होतं. रविवारी बाबांसाठी एक बाई ठेवून ती गेली. बिछान्यासमोर त्याच तारेच्या नेटवर एक फोन उभा करून गेली, तिथून बाबा दिसावेत म्हणून.

मंगळवारी तोही बंद पडला. तिने मला नाही, महेशला फोन केला. महेश स्वतः मीटर घेऊन आला. तारेच्या टोकाला किती उजेड पोचतोय ते मीटर उण्या आकड्यात सांगतं, आकडा जेवढा मोठा तेवढा उजेड कमी. पंचवीसच्या आत असला तर बरं. एकोणतीस आला.

महेश सरळ गॅलरीच्या कोपऱ्यात गेला. उरलेली तार मी तिथे मुठीएवढा वेढा करून, प्लास्टिकचा टाय खेचून घट्ट आवळली होती. तांब्याची बांधायचो तशीच. काच अशी आवळली की वाकलेल्या जागी उजेड बाहेर गळतो. वाऱ्याने तार हलली की आणखी गळतो. लाइन जाते, येते, पुन्हा जाते. तार तुटत नाही, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना काही दिसत नाही.

त्याने टाय कापला. ताटाएवढा सैल वेढा करून अडकवला. आकडा एकोणीस.

"झालं," एवढंच म्हणाला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

गुरुवारी सकाळी दत्तारामदादा गेले. स्वाती गेल्यापासून पेज घेतली नव्हती. शेवटचं पाणी बाईने तोंडात घातलं. स्वातीने ते पुण्याहून स्क्रीनवर बघितलं. लाइन एकदाही तुटली नाही.

तेराव्यानंतर तिने कनेक्शन बंद करायला सांगितलं. मी फॉर्म घेऊन गेलो. ती म्हणाली, "काका, तुम्ही किती फेऱ्या मारल्यात आमच्यासाठी."

मग मी सांगितलं. वेढा, टाय, महेशचा फोन, सगळं.

तिने बाबांच्या चादरीची घडी घातली. मग म्हणाली, "बघायला किती वेळ लागला असता?"

"दहा मिनिटं."

तिने सही केली आणि फॉर्म माझ्याकडे सरकवला. पाणी विचारलं नाही.

फॉर्मवर बंद करण्याच्या कारणाची रेघ मोकळी होती. तिथे मी लिहिलं, लाइन खराब होती, चूक बाळूची. अक्षर वेडंवाकडं आलं.

महेश म्हणाला, "काका, असं कोण लिहितं? मी दुसरा फॉर्म काढतो."

"राहू दे," मी म्हटलं. "लिहिलंय ते खरं आहे."

अजून कामावर आहे. मीटर घेतल्याशिवाय जिना चढत नाही. तक्रार आली की आधी स्वतः बांधलेलं उघडून बघतो, मग दुसऱ्याचं.